अर्धीच ऐकलेली साक्ष

हेमा,

तू गेल्यावर इतक्या महिन्यांनी, या रविवारी तुझी शोकसभा झाली आणि मी मधूनच उठून आले. तुझ्या भावाला वाईट वाटलं असेल. पण आणखी थोडा वेळ बसले असते तर मी बोलले असते, आणि मी बोलले असते तर सभा मोडली असती.

व्यासपीठावर कोण होतं, सांगते. ज्यांनी तुझा प्रकल्प बंद केला, ते तुझ्या संस्थेचे संचालक. खास गाडीने आले होते. पांढरा सदरा, डोळ्यांत पाणी. ‘डॉ. हेमलता म्हणजे सेवेची मूर्ती’ असं म्हणाले आणि मग तो शब्द सगळ्यांनी उचलला. सेवा. वृद्धांची सेवा, खेड्यापाड्यांची सेवा, निःस्वार्थ सेवा. एका पुढाऱ्याने तर तू ‘डोक्याने गेलेल्या म्हाताऱ्यांना आईच्या मायेने सांभाळायचीस’ असंही सांगून टाकलं. तू कुणाला सांभाळायचीस? रोग्याच्या घरी गेलीस तर चहा पिऊन होईस्तोवर धीर नसायचा तुला, कधी एकदा प्रश्न विचारते असं व्हायचं.

तू संशोधन केलंस. माणसाचा मेंदू म्हातारा होताना त्यात काय काय होतं, काय टिकतं, काय आधी जातं, याचा तू आयुष्यभर पाठलाग केलास. पुरुषाने हेच केलं असतं तर त्याला शास्त्रज्ञ म्हणाले असते. तू केलंस म्हणून ती सेवा झाली. जिवंतपणी पैसे अडवले, मेल्यावर शब्दही चोरला. तेवढं ऐकलं आणि मी उठले.

तुला हे सगळं कळवावं असं कुणाला वाटलं नसतं. मला वाटतंय, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय आणि ते सोडायची माझी इच्छा नाही.

आपण शाळेत एका बाकावर होतो. तू रनाळ्याहून एसटीने यायचीस, पाटलांच्या घरची, दोन वेण्या आणि हातावर शाईचे डाग. मी नंदुरबारातल्या मिरचीच्या व्यापाऱ्याची मुलगी. घरी मारवाडी, वर्गात पुस्तकातली मराठी, आणि मधल्या सुट्टीत तुझ्याबरोबर अहिराणी. बाई ऐकत असल्या की तू ‘मला येत नाही’ म्हणायचीस आणि त्यांची पाठ वळली की ‘माले येत नही’. तेव्हापासून तुला राग होता की एकाच माणसाला दोन तोंडं का ठेवावी लागतात. माझ्या वडिलांच्या पथारीवर, त्या मिरची वाळवायच्या मोकळ्या मैदानात, लाल मिरच्या पसरलेल्या असायच्या, आपण ठसका लागेपर्यंत तिथे बसायचो आणि तू मला बेडकाचा मेंदू कसा असतो ते सांगायचीस. मला किळस यायची. तुला माझ्या किळसेची गंमत वाटायची.

पुढे तू डॉक्टर झालीस, दवाखाना न काढता प्रयोगशाळेत शिरलीस. मी इथेच राहिले, कॉलेजात मराठी शिकवत. सुट्टीत आलीस की तू सांगायचीस, म्हाताऱ्या उंदराच्या मेंदूचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप करून भिंगाखाली बघते म्हणून. परदेशात राहून आलीस. मोठ्या शहरातल्या मोठ्या संस्थेत तुला स्वतःची खोली, स्वतःचे विद्यार्थी मिळाले. आणि हे सगळं जमलेलं असताना तू एक दिवस संस्थेचाच एक प्रकल्प घेऊन इथे परत आलीस. मी विचारलं, काय झालं? तू म्हणालीस, पुस्तकातला मेंदू शाळेत गेलेला असतो. मला कळलं नाही. मग तू समजावून सांगितलंस. स्मृतिभ्रंश आहे की नाही हे ठरवायला जे प्रश्न विचारतात, ते सगळे शिकलेल्या, शहरातल्या माणसाला धरून केलेले. आज तारीख किती, साल कोणतं, शंभरातून सात वजा करत जा, एक वाक्य लिहून दाखवा. आपल्याकडची म्हातारी कधी शाळेची पायरी चढलेली नसते. ती नापास होते आणि तिच्या नावापुढे आजार लिहिला जातो. आणि जिला खरंच आजार असतो, तिला घरचे म्हणतात, साठी बुद्धी नाठी, चालायचंच. म्हणजे दोन्हीकडून खोटं. निरोगी माणूस रोगी आणि रोगी माणूस नुसता म्हातारा.

त्या प्रश्नांची अहिराणी करायला तू मला बसवलंस. भाषांतर म्हणून सुरू झालं आणि आपण दोघी वर्षानुवर्षं त्यात अडकलो. आठवतं, रनाळ्यातल्या तुझ्या लांबच्या काकांना तू जुन्या पद्धतीने विचारलंस की आपण आता कितव्या मजल्यावर बसलोय? ते ओट्यावर मांडी घालून बसले होते. त्यांनी खाली बघितलं, तुझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, “पोरी, आम्ही ते भुईवरच शेतस.” नियमाप्रमाणे या उत्तराला शून्य. मी हसून लोळायची बाकी होते. तू हसली नाहीस. तो प्रश्न खोडलास, रागाने, कागद फाटेपर्यंत. मग आपण मजल्याऐवजी शीव विचारली, तारखेऐवजी कोणता सण गेला आणि कोणता येतोय ते विचारलं, वजाबाकीऐवजी बाजारात सुटे कसे परत घ्याल ते विचारलं. एकेक प्रश्न गावोगाव फिरवून तू पारखत होतीस. बरोबर आहे की नुसता आपल्याला आवडलाय, हे तपासल्याशिवाय तू पुढे सरकू देत नव्हतीस. माझे कितीतरी सुंदर प्रश्न तू टाकून दिलेस. मला अजून त्यांचं वाईट वाटतं.

तुझा मूळ प्रश्न आणखी मोठा होता. मेंदूची झीज सारखीच असली तरी काही माणसं तगून राहतात, काही कोसळतात. का? शिक्षणामुळे, असं सगळे म्हणायचे. तुझं म्हणणं, शिक्षण म्हणजे फक्त शाळा असं कुणी ठरवलं? जी बाई घरी एक भाषा बोलते, बाजारात दुसरी, माहेरी तिसरी, जी शेत आणि सोयरीक आणि गावकी एका वेळी डोक्यात बाळगते, तिच्या मेंदूने काहीच कमावलं नाही का? हे सिद्ध करायचं होतं तुला. सिद्ध झालंय असं तू कधी म्हणाली नाहीस. अजून पुरावा कमी आहे, म्हणायचीस. पुरावा गोळा करायलाच वेळ मागत होतीस आणि तोच त्यांनी दिला नाही. तुझे लेख परत यायचे, निरक्षर माणसं अशा अभ्यासाला योग्य नाहीत असा शेरा मारून. आणि संचालकांनी, त्याच पांढऱ्या सदऱ्याने, तुला समोर बसवून सांगितलं की एका बोलीपुरत्या कामात शास्त्राला रस नसतो. तू मला फोनवर ते सांगितलंस तेव्हा तुझा आवाज अगदी साधा होता. चिडले ते मी. तू म्हणालीस, उंदरांची बोली कुठली होती, ते मात्र त्यांनी कधी विचारलं नाही.

माझ्या आईचं सांगते, कारण ते तुझ्या बाजूने जातं आणि मी अप्रामाणिक नाही.

आई मीठ दोनदा घालायला लागली, देवळाच्या वाटेवरून परत येताना चुकायला लागली. भावांनी तो विषय बंद करून टाकला होता. व्यापाऱ्याचं घर, चार लोक येतात-जातात, आईचं डोकं फिरलंय असं बाहेर जायला नको. तू आलीस, आईशी तासभर गप्पा माराव्यात तसे प्रश्न विचारलेस आणि मी तुला दुसऱ्या खोलीत बोलवत असताना तू तिच्याच समोर, तिचा हात धरून तिला सांगितलंस की मावशी, तुमची आठवण कमी होत जाणारा आजार आहे, औषधाने तो जात नाही, पण अजून बराच काळ तुम्ही तुमच्याच राहाल. मला तुझा गळा दाबावासा वाटला. आई मात्र म्हणाली, “मग मी आळशी झाले नाही तर. मला वाटत होतं, मीच निष्काळजी झाले.” त्या दिवसापासून तिने लपवणं सोडलं. नाव आठवलं नाही तर सरळ विचारायची, बाई तू कोण? तिच्याजवळ उरलेली बरी वर्षं तिने स्वतः ठरवून घालवली. कुठे राहायचं, कुणाच्या हातचं खायचं, शेवटी दवाखान्यात न्यायचं की नाही, सगळं शुद्धीत असताना सांगून ठेवलं. ते तू दिलंस तिला. त्याबद्दल मी तुझे आभार मानले नाहीत, कारण तुला आभार मानलेले आवडायचे नाहीत आणि मला मानता यायचे नाहीत.

म्हणूनच भीमाबाईचं प्रकरण आलं तेव्हा मला वाटलं, या बाईला काय हवंय ते तुला कळेल.

धानोऱ्याच्या भीमाबाईचं प्रकरण माझ्याकडे आलं तिच्या मुलीकडून. रेखा इथे नंदुरबारात शिवणकाम करते, माझे ब्लाऊज तिच्याकडेच असतात. भीमाबाईला नवरा नाही, मुलगा नाही, ही एकटी लेक, तिची आंडेर, रेखा. वावर नवऱ्यामागे भीमाबाईच्या नावावर झालेलं. तिने ते रेखाला बक्षीसपत्र करून दिलं. पुतणे बिथरले. वडिलोपार्जित जमीन जावयाच्या घरात जाणार, हे त्यांना खपेना. गावात शहरातून कुणी तपासणी शिबिर घेऊन आलं होतं, तिथे त्यांनी काकूला मोतीबिंदू दाखवायचा म्हणून नेलं आणि स्मृतीची चाचणी करून घेतली. तीच जुनी चाचणी. तारीख, साल, मजला, शंभरातून सात. भीमाबाईला गुण जवळजवळ मिळालेच नाहीत. पुतणे तो कागद घेऊन दिवाणी कोर्टात गेले. बाई वेडसर आहे, तिला काय करते ते कळत नव्हतं, बक्षीसपत्र रद्द करा.

हे ऐकल्यावर तू किती दिवसांनी अशी पेटलेली दिसलीस. ज्या प्रश्नांविरुद्ध तू आयुष्य घालवलंस, त्यांनीच एका बाईचं वावर काढून घेतलं जात होतं. तू लगेच धानोऱ्याला गेलीस, मला घेऊन. भीमाबाई खाटेवर बसून शेंगा फोडत होती. ठेंगणी, ठसठशीत कुंकवाच्या जागी गोंदण, बोलायला फटकळ. पुतण्यांनी माझं डोकं फिरवलं आणि आता म्हणतात डोकं फिरलंय, असं म्हणाली. मला ती इतकी आवडली की मी मनातल्या मनात खटला जिंकूनही टाकला. तू मात्र तिच्याकडे पुन्हा पुन्हा जात राहिलीस. वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या वेळी. आपले अहिराणीतले प्रश्न, तिच्या सवडीने.

मग एके संध्याकाळी माझ्या घरी आलीस, चप्पल काढायच्या आधीच म्हणालीस की आजार आहे. सुरुवात आहे, पण आहे.

मी विचारलं, म्हणजे शिबिराचा कागद खरा? तू म्हणालीस, कागद खोटा आहे, त्यांनी मोजलं ते तिचं निरक्षरपण. पण मी मोजलं ते वेगळं आहे, आणि त्यात आजार दिसतो. पाच मिनिटांपूर्वीचं जातं तिचं. वावराचं, मुलीचं, देण्याघेण्याचं मात्र पक्कं आहे. दरवेळी तेच उत्तर, तेच कारण. तिला कळतंय, उषा. आजार आहे आणि कळतंयसुद्धा.

मी म्हटलं, मग कोर्टात कळतंय एवढंच सांग.

तू माझ्याकडे असं पाहिलंस जसं मी तुला पथारीवर ठसक्यात ढकललंय. वर कहर म्हणजे तू भीमाबाईलाही तोंडावर सांगून आली होतीस. तुला विसरण्याचा आजार सुरू झालाय, बाई, आणि तो वाढणार. खटला उभा असताना. रेखा माझ्याकडे येऊन रडली. मी तुला फोनवर नाही नाही ते बोलले. तू म्हणालीस, डोकं तिचं आहे, आधी तिला कळायला हवं.

तारखेच्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होते. पुतण्यांच्या वकिलांनी तुला फार प्रश्न विचारलेच नाहीत.

“डॉक्टर, भीमाबाईंना स्मृतिभ्रंशाचा आजार आहे की नाही?”

“सुरुवातीचा आहे. पण आजार असणं आणि समज नसणं या दोन—”

“आहे की नाही, एवढंच सांगा.”

“आहे.”

“धन्यवाद.”

नंतर आपल्या वकीलबाईंनी तुला पुन्हा विचारलं आणि तू सगळं नीट सांगितलंस. जमीन कोणती, वारस कोण, देऊन टाकल्यावर आपल्याकडे काय उरेल, हे सगळं तिला समजतं. आजार झाला म्हणून माणसाचा निर्णय आपोआप रद्द होत नाही. शिबिरातली चाचणी तिच्या भाषेत नव्हती. तू उत्तम बोललीस. पण न्यायाधीशांची मान तोवर घड्याळाकडे वळली होती. निकालात लिहिलं, प्रतिवादीच्याच तज्ज्ञाने आजार मान्य केला आहे. बस. तुझ्या वाक्याचा पुढचा भाग त्या निकालात कुठेच नव्हता. बक्षीसपत्र रद्द झालं. पुतण्यांनी त्याच हंगामात वावरात ट्रॅक्टर घातला आणि रेखाने आईला नंदुरबारला स्वतःकडे आणलं.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या बाहेर आपलं झालं ते. मी म्हटलं, एक शब्द गिळला असतास तर काय बिघडलं असतं? तू म्हणालीस, “उषा, आज एक शब्द गिळा, ते उद्या मन्हा एक बी शब्दले किंमत ऱ्हाई नही.” आणि मी म्हटलं, तुझ्या शब्दाची किंमत त्या म्हातारीने का चुकवायची? तू रस्त्याकडे वळलीस. रिक्षा थांबवलीस आणि एसटी स्टँडकडे निघून गेलीस. चेहरा पिवळा दिसत होता. मला वाटलं, संतापाने.

ते बोलल्याचा मला पश्चात्ताप नाही. आजही नाही. तो प्रश्न खरा होता आणि त्याचं उत्तर तू द्यायला हवं होतंस. नंतरचे सगळे महिने मी वाट पाहत होते की तू फोन करशील आणि भांडशील. आपण आयुष्यभर तसंच करत आलो. दिवाळी गेली. मिरचीचा हंगाम सुरू झाला, गावभर तो वास पसरला, तू दरवर्षी त्या वासावर काहीतरी खोचक म्हणायचीस. फोन आला नाही. आला तो तुझ्या भावाचा, सकाळी, की ताई गेली.

रनाळ्याला पोचले तेव्हा तुला अंगणात ठेवलं होतं. एवढीशी झाली होतीस. मी वहिनींना विचारलं, हे कधीपासून? आणि मग मला कळलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर. तुला तो कोर्टाच्या तारखेच्या आधीच कळला होता. ज्या दिवशी तू साक्ष दिलीस आणि ज्या दिवशी कोर्टाबाहेर मी तुला तसं बोलले, त्या दोन्ही दिवशी तुझ्या पिशवीत तुझे स्वतःचे रिपोर्ट होते.

हेमा, माझ्या आईला तू तोंडावर सांगितलंस. भीमाबाईला सांगितलंस, खटला धोक्यात घालून. पंचक्रोशीतल्या प्रत्येक म्हाताऱ्याला त्याचं खरं त्याच्या भाषेत कळलं पाहिजे म्हणून जगाशी वैर घेतलंस. आणि मला सांगितलं नाहीस. एका बाकावरच्या मला. हा कुठला न्याय? मी तुझ्या अंगणात उभी राहून रडण्याऐवजी चिडत होते आणि बायका माझ्याकडे बघत होत्या.

वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्यांनी खूपदा म्हटलं होतं म्हणे, उषाताईंना बोलवू का? तू नको म्हणालीस. वहिनींनी तुझेच शब्द सांगितले: “उषाले काई सांगू नका. ती दया करी आनि भांडन सोडी देई.”

मी तेव्हापासून या वाक्याशी झगडतेय. तुला माझी दया नको होती, माझं म्हणणं हवं होतं, हे कळतं मला. मी खरंच सोडलं असतं भांडण. तुझ्या उशाशी बसून म्हटलं असतं, तुझंच बरोबर होतं ग. आणि तुला ते खोटं आहे हे कळलं असतं. तरीही, तरीही तुला हा हक्क नव्हता. मी काय करेन हे तू ठरवून टाकलंस. माझ्यावर चाचणी घेतलीस, मला न विचारता, आणि गुणही देऊन मोकळी झालीस. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तूच त्याचा कागद फाडला असतास.

आता कालचं सांगते.

आपल्या वकीलबाईंनी निकालावर अपील केलं होतं. वरच्या कोर्टाने म्हटलं की तज्ज्ञाची पूर्ण साक्ष विचारात घेतलेली नाही, प्रकरण पुन्हा ऐका. हा हुकूम तू गेल्यावर आला. म्हणजे आता त्यांना तुझं उरलेलं वाक्य ऐकायचं होतं. संस्थेने तुझ्या जागी कुणाला पाठवायला नकार दिला, अहिराणीतली चाचणी संस्थेची अधिकृत नाही म्हणे. आणि हेच संचालक रविवारी व्यासपीठावरून तुझं कार्य पुढे नेऊ म्हणाले.

साक्षीला कुणी उरलं नाही तेव्हा भीमाबाई म्हणाली, मीच बोलते. गेल्या वेळी वकीलबाईंनी तिला उभं करायचं टाळलं होतं, काही विसरली तर सगळं जाईल म्हणून. या वेळी ती ऐकेना. काल रेखा आणि मी तिला घेऊन गेलो. न्यायाधीश नवीन होते. त्यांनी विचारलं, आजी, इथे कशाला आणलंय, माहीत आहे का?

“मन्हं डोकं खराब शे का, ते देखाले.”

लोक हसले. ती हसली नाही. मग विरुद्ध वकील उठले, तोच प्रश्न घेऊन, आणि तो विचारून होण्याआधीच ती न्यायाधीशांकडे वळून बोलायला लागली. “साहेब, माले इसरायनं आजार शे. डॉक्टरीननी माले तोंडवर सांगं. काल काय खादं ते माले याद ऱ्हास नही. पन वावर मन्हं शे, आंडेर मन्ही शे, आनि वावर आंडेरलेच देनं शे. हाई मी रोज सकायले उठीसन सोताले इचारस. ज्या दिन उत्तर नही येवाव, त्या दिन मी सांगसू.”

वकील उभेच राहिले. जे सिद्ध करायला आले होते, ते तिने आधीच कबूल करून टाकलं होतं. टंकलेखकाने विचारलं, हे मराठीत कसं घेऊ? न्यायाधीशांनी सांगितलं, जसं बोलल्या तसं घ्या. मी मागच्या बाकावर होते. माझ्या शेजारची जागा कुणीतरी मागितली, मी दिली नाही.

निकाल अजून यायचाय. तोवर पुतण्यांनी वावरात पाऊल टाकायचं नाही, एवढा हुकूम झाला. पहिल्या निकालाचं जे नुकसान झालं ते झालंच, एक अख्खा हंगाम त्या बाईने स्वतःच्या वावराबाहेर काढला. तू तेव्हा वेगळं बोलली असतीस तर तो गेला नसता, हे माझं म्हणणं कायम आहे. तू तिला सांगितलं नसतंस तर काल ती असं बोलू शकली नसती, हेही मी पाहिलं. दोन्ही लिहून ठेवते. तूच म्हणायचीस, एक पुरावा सापडला म्हणून दुसरा फेकायचा नसतो.

परत येताना रिक्षात भीमाबाई मध्ये बसली होती, दमलेली, पण खूश. उड्डाणपुलावर आलो तेव्हा तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवून विचारलं, “डॉक्टरीन का बरं नही उनी आज?”

सकाळी निघताना तिला सांगितलं होतं. त्याआधीही एकदा सांगितलं होतं, तेव्हा ती खूप रडली होती. रेखाने मला डोळ्यांनी खुणावलं की राहू द्या, गावाला गेलीय म्हणा. सोपं होतं. रिक्षाचा आवाज होता, ऐकू आलं नाही असंही दाखवता आलं असतं.

मी तिला सांगितलं की हेमा गेली, भीमाबाई. आजारी होती. तिचा चेहरा पहिल्यांदा ऐकल्यासारखाच मोडला. पदर तोंडाशी घेऊन ती घर येईपर्यंत रडत राहिली आणि मी तिचा हात धरून बसले. दारात उतरताना तिने पुन्हा विचारलं आणि मी पुन्हा सांगितलं.

फार जड जातं ग हे. इतकी वर्षं, इतक्या दारांत उभी राहून तू हे कसं करत होतीस, ते एकदाही मला सांगितलं नाहीस.